कावीळ झाली, पण कुठली?

रामबागेतल्या आमच्या घरी मावशीला कावीळ झाली, तेव्हा मी सातवीत होतो. आजीनं पहिलं काम केलं ते माळ मागवण्याचं. ओल्या काड्यांचे नखाएवढे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेली ती माळ जेमतेम डोक्यावर बसेल एवढीच होती. मावशी उठली की आजी आधी माळ कुठवर आली ते बघायची. चार दिवसांत ती कपाळावरून गळ्यात आली, पंधरवड्यात छातीपर्यंत लोंबू लागली. जेवणातून हळद हद्दपार झाली, कोपऱ्यावरच्या गाडीवरून बर्फ घातलेला उसाचा रस येऊ लागला. महिन्याभरानं मावशीचे डोळे पांढरे झाले आणि श्रेय माळेला मिळालं.

माळ उतरते त्याचं कारण साधं आहे. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, दोरा लांबत जातो. त्याच काळात पाण्यातून येणारी कावीळही बहुतेकांची आपोआप ओसरते. हळदीचा त्या पिवळेपणाशी काही संबंध नाही. तो रंग बिलिरुबिनचा. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होणारं हे द्रव्य सुजलेल्या यकृताला बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते रक्तात साचतं. आणि गाडीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा होता, हे आम्ही कधी विचारलं नाही. मावशीला झालेली कावीळ कुठली, हेही नाही.

कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे औषधं, दारू, पित्ताचे खडे असं बरंच काही असू शकतं. विषाणूच पाहायचे तर यकृताला सूज आणणारे मुख्य पाच आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई तोंडावाटे येतात, म्हणजे मैला मिसळलेल्या पाण्यातून आणि अन्नातून. बी, सी आणि डी रक्तावाटे येतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. पाचांची चाल इतकी वेगळी, की त्यांना एकाच नावानं हाक मारणं धोक्याचं आहे.

पाण्यातल्या काविळीचा धडा या देशानं फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. 1955 च्या अखेरीस दिल्लीत वजिराबादच्या उपशापाशी यमुनेत सांडपाणी शिरलं. शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन वाढवलं गेलं. जिवाणूंची साथ आली नाही, विषाणू मात्र पार झाला. सुमारे 29,300 लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी ती ए धरली. 1980 मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा सहभाग असलेल्या अभ्यासात, जपून ठेवलेले रक्तनमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा कळलं की हा ए नव्हे आणि बीही नव्हे. पुढे त्याला ई हे नाव मिळालं.

ई मधून धडधाकट माणूस बहुधा बरा होतो. गरोदर बाईचं तसं नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. त्यामुळे गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर माळेची वाट बघण्यात एक दिवसही घालवायचा नसतो.

डिसेंबर 2025 च्या अखेरीस आपल्या इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. पोलीस चौकीजवळच्या शौचालयाखालून जाणारी जलवाहिनी गळत होती. जुलाब-उलट्यांनी शेकडो माणसं आजारी पडली, काही दगावली. देशात स्वच्छतेत सलग पहिलं येणाऱ्या शहराला ही गोष्ट फार लागली, आणि लागायलाच हवी. पण अशा वेळी मला आणखी एक काळजी असते. जुलाब एक-दोन दिवसांत दिसतात. ई पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला बहुधा पाच-सहा आठवडे लागतात, कधी दहा. तोवर टँकर परत गेलेले असतात आणि बातमी आतल्या पानावर सरकलेली असते. जलवाहिनी दुरुस्त झाली की काम संपलं असं न समजता त्या वस्तीतल्या गरोदर बायकांवर पुढचे अडीच महिने लक्ष ठेवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ए ची गोष्ट थोडी उलटी आहे. पूर्वी तो लहानपणीच, बहुधा नकळत होऊन जायचा आणि जन्माची प्रतिकारशक्ती देऊन जायचा. शहरं स्वच्छ झाली तशी पुष्कळ मुलं त्याच्याशी गाठ न पडता मोठी होतात आणि विशी-तिशीत आजारी पडतात. त्या वयात तो जास्त छळतो. त्यावर लस आहे, बालरोगतज्ज्ञ सांगतील.

खरी भीती वाटायला हवी ती बी आणि सी ची, कारण ते बहुधा पिवळे दिसतच नाहीत. 1982 मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जखमी झाले, त्यांना सुमारे दोनशे जणांचं रक्त चढवलं गेलं. त्यातून बी शिरला, हे त्यांना 2000 साली कळलं. तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, असं ते स्वतः सांगतात. त्यासाठी रक्त चढवावंच लागतं असंही नाही. 2009 मध्ये शेजारच्या गुजरातेत मोडासा इथं वापरलेल्याच सुया पुन्हा टोचल्यानं बी ची साथ आली आणि अनेकांचा जीव गेला. डी एकटा जगू शकत नाही, त्याला बी चा आधार लागतो. पण दोघे एकत्र आले की यकृत झपाट्यानं खराब होतं.

मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरातले पंच्याण्णव तो स्वतःच घालवतात. जन्मतः लागण झालेल्या बाळांपैकी नव्वद टक्क्यांत तो मुक्कामाला राहतो आणि पुढे सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग देऊ शकतो. सी वर लस नाही, पण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. मुक्कामाला राहिलेला बी मुळासकट जात नसला तरी रोजच्या गोळीनं आवरता येतो. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी च्या तपासण्या आणि औषधं सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात बी चे 2 कोटी 98 लाख आणि सी चे 55 लाख रुग्ण होते. त्यातल्या बहुतेकांना हे ठाऊकच नाही.

आयुष्यात कधी रक्त चढवलं असेल, डायलिसिस झालं असेल, जत्रेत गोंदवून घेतलं असेल, तर दोन तपासण्या मागून घ्या: बी साठी एचबीएसएजी आणि सी साठी अँटी-एचसीव्ही. घरात बाळ येणार असेल, तर बी ची पहिली लस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत टोचली की नाही, हे बारशाच्या तयारीला लागण्याआधी परिचारिकेला स्वतः विचारा.