व्यामिश्र संस्था आणि परिवर्तनाची रीत

संस्थेत बदल घडवून आणावयाचा म्हटले की आपल्याकडे प्रथम आराखडा तयार होतो. कार्यकारिणी ध्येय ठरविते, परिपत्रक निघते, जबाबदाऱ्यांची वाटणी होते आणि वर्षअखेरीस अपेक्षित फळ का मिळाले नाही याची चर्चा होते. दोष बहुधा माणसांच्या माथी मारला जातो. वस्तुतः पुष्कळदा चूक असते ती संस्थेविषयीच्या आपल्या कल्पनेत. गेल्या चार दशकांत विकसित झालेला व्यामिश्रतेचा विचार नेमके हेच सांगतो. त्याचे स्वरूप, व्यवस्थापनातील त्याचा उपयोग आणि त्याची मर्यादा यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

क्लिष्ट आणि व्यामिश्र

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु येथे त्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. विमानाचे इंजिन क्लिष्ट असते. त्यात हजारो भाग असले तरी जाणकार ते सुटे करून पुन्हा जोडू शकतो. रुग्णालय, वसतिगृह किंवा बाजार मात्र व्यामिश्र असतो. तेथील माणसे एकमेकांकडे पाहून आपले वागणे बदलीत असतात. एखादा लहानसा बदल मोठा परिणाम करतो, तर मोठा हुकूम कागदावरच राहतो. कार्यकारणसंबंध असतो, पण तो बहुधा घटना घडून गेल्यावर उमगतो.

फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली मांडलेले शास्त्रीय व्यवस्थापन संस्थेला यंत्र मानून चालले. जेथे काम ठरावीक आणि पुनरावृत्तीचे असते तेथे त्याचा लाभही झाला. १९८४ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सांता फे इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि पदार्थवैज्ञानिक, जीवशास्त्रज्ञ व अर्थशास्त्रज्ञ व्यामिश्र व्यवस्थांचा एकत्र अभ्यास करू लागले. तो विचार पुढे व्यवस्थापनात आला. डेव्हिड स्नोडेन आणि मेरी बून यांनी २००७ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्याची जी मांडणी केली ती विशेष उपयोगी आहे. प्रश्न सोपा असेल तर रूढ पद्धत वापरावी. क्लिष्ट असेल तर तज्ज्ञांकडून विश्लेषण करून घ्यावे. व्यामिश्र असेल तर आधी लहान प्रयोग करून पाहावा, काय घडते ते निरखावे आणि मग पाऊल उचलावे. सर्वत्र गोंधळ माजला असेल तर प्रथम कृती करून स्थिती सावरावी. प्रश्नाची जात न ओळखता उपाय योजणे हे फसलेल्या परिवर्तनाचे एक मोठे कारण होय.

नेदरलँड्समधील एक उदाहरण

नेदरलँड्समध्ये घरोघरी जाऊन रुग्णसेवा करण्याच्या कामाचे १९९० नंतर तुकडे पाडण्यात आले. इंजेक्शन, स्नान, मलमपट्टी अशा प्रत्येक कामाला वेळ नेमून दिली गेली आणि एकाच रुग्णाकडे निरनिराळी माणसे जाऊ लागली. हिशेब नेटका झाला. पण रुग्णाला ओळखणारे कोणी उरले नाही. योस द ब्लॉक या परिचारकाने २००६ साली चार जणांच्या एका चमूसह ब्यूर्टझोर्ख, म्हणजे शेजार-सेवा, ही संस्था सुरू केली. एका चमूत जास्तीत जास्त १२ जण असतात. चमूवर व्यवस्थापक नसतो. कोणत्या रुग्णाकडे कोणी जावे, नवा सहकारी कोणाला घ्यावे, हे चमूच ठरवितो. अडचण आल्यास मार्गदर्शक मदतीला असतात, पण त्यांना हुकूम सोडण्याचा अधिकार नसतो. सुमारे दहा वर्षांत ही संस्था दहा हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचली. मुख्य कचेरीत मात्र पन्नासच्या आसपास माणसे होती. संपूर्ण आराखडा आधी आखून ही वाढ झालेली नाही. एक चमू यशस्वी झाला, त्यावरून दुसरा उभा राहिला. मात्र येथे नियम नाहीत असेही कोणी समजू नये. नियम थोडे आहेत आणि ते कसोशीने पाळले जातात.

स्वयंव्यवस्थेतील धोका

संस्था आपोआप घडू द्यावी, असा निष्कर्ष यावरून काढणारे अनेक जण आहेत. आमच्या मते हा निष्कर्ष घातक आहे. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. पटावर दोन प्रकारची नाणी मांडा. आपल्या शेजाऱ्यांपैकी निदान एकतृतीयांश आपल्यासारखे असावेत, एवढीच प्रत्येकाची इच्छा धरा. असमाधानी नाणे रिकाम्या घरात हलवीत जा. थोड्याच वेळात पटावर दोन वेगळे मोहल्ले तयार होतात. कोणाच्याही मनात द्वेष नसताना बहिष्कृत वस्ती निर्माण होते! ओळखीपाळखीने होणारी नोकरभरती आणि सोबत जेवणाऱ्यांमध्येच होणारे निर्णय याच मार्गाने जातात. मनात आकस असेल तर काय होत असेल, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपोआप घडलेली व्यवस्था न्याय्य असतेच असे नाही. म्हणून प्रयोगाला मोकळीक आणि न्यायाला पक्की चौकट, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

विनयपिटकाच्या अभ्यासकाला या दोन्हींचा दाखला सापडतो. सारिपुत्तांनी शिक्षापदे घालून देण्याची विनंती केली तेव्हा, संघात दोष उद्भवण्यापूर्वी शास्ता नियम करीत नाही, असे उत्तर तथागतांनी दिल्याचे वेरंजा येथील प्रसंगात आले आहे. नियमाआधी घटना येते आणि पुढे अडचण दिसली की मूळ पञ्ञत्तीला अनुपञ्ञत्ती जोडली जाते. परंतु त्याच संघात ज्येष्ठता जन्मावरून नव्हे, तर उपसंपदेच्या क्रमावरून ठरे. आपला अभिमान गळावा म्हणून नापित उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती शाक्य कुमारांनी केल्याचे चुल्लवग्ग सांगतो. हा एक साधा नियम; पण बाहेरची उतरंड संघात शिरू नये याचा बंदोबस्त त्यात होता. अर्थात एवढ्यावरून आधुनिक विज्ञान पिटकात आधीच होते असे म्हणणे अभ्यासकाला शोभत नाही. साम्य आहे ते नियम घडविण्याच्या रीतीत.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पैशाचा हिशेब, नोंदी, वेळापत्रक ही सोपी कामे ठरल्या पद्धतीने चालवावीत. इमारतीचा प्रश्न अभियंत्याला विचारावा. परंतु वसतिगृहातील मुले अभ्यासिकेत का बसत नाहीत, वाचनालयाकडे स्त्रिया का फिरकत नाहीत, हे प्रश्न परिपत्रकाने सुटणारे नाहीत. तेथे फसले तरी संस्थेला इजा होणार नाही असे दोन-तीन लहान प्रयोग एकाच वेळी करावेत. काय घडले ते सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाला प्रथम विचारावे. जे उपयोगी ठरेल ते वाढवावे, बाकीचे निःसंकोच थांबवावे. आणि प्रवेश, नेमणूक व निर्णयातील सहभाग यांचे नियम मात्र लेखी, सर्वांना ठाऊक असलेले आणि कोणाच्याही मर्जीने न बदलणारे असावेत. असे केल्यास चुका होणार नाहीत असे नाही; परंतु त्या लहान राहतील, वेळेवर दिसतील, आणि त्यांचा भार नेहमी त्याच माणसांच्या खांद्यावर पडणार नाही.