मालक नसताना चालणारे दुकान

अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या कडेला, पेट्रोल पंप आणि हार्डवेअरचे दुकान ओलांडले की अनेकदा एक बैठी, पक्क्या भिंतींची इमारत दिसते. तिला पाच-सहा कप्पे असतात आणि ते बहुधा पुढून-मागून उघडे असतात. तिथे ना गल्ला, ना नोकर. गाडी आत घ्यायची, भिंतीवरच्या पेटीत पाव डॉलरची नाणी टाकायची, गोल बटण फिरवून आधी साबण, मग ब्रशचा फेस, मग स्वच्छ पाणी, मग मेण असे एकेक निवडायचे आणि हातातल्या लांब नळीने आपली गाडी आपणच धुवायची. पेटीवरचे आकडे उलटे मोजत असतात. वेळ संपली की पाणी बंद. हे सेल्फ-सर्व्ह कार वॉश बहुतेक ठिकाणी दिवसरात्र उघडे असते.

अनेकांना हा धंदा बसल्या जागी पैसे देणारा वाटतो. गिऱ्हाईक स्वतः राबते, स्वतःच पैसे भरते, मग मालकाला काम ते काय? प्रत्यक्षात उलटे आहे. दुकानात माणूस असला की तो चुकीची माफी मागतो, सुटे पैसे देतो, नळी हलवून देतो. इथे तसे कोणी नाही. अंधारात, थंडीत, एकट्या आलेल्या गिऱ्हाइकाने नाणे टाकले की कबूल केलेले सगळे त्याच क्षणी मिळायला हवे. या धंद्यात विकला जातो तो भरवसा, आणि तो रोज सकाळी नव्याने तयार करावा लागतो.

गाड्या धुण्याच्या व्यवसायाचा अमेरिकेतला इतिहास साधारण १९१४च्या डेट्रॉईटपर्यंत मागे नेला जातो. तिथे माणसेच गाडी एका कामगाराकडून दुसऱ्याकडे ढकलत नेत. १९५१मध्ये सिअ‍ॅटलच्या अँडरसन बंधूंनी माणसाचा हात न लागता गाडी धुणारी यंत्रणा उभी केली आणि त्यातून गुलाबी हत्तीच्या पाटीचे ‘एलिफंट कार वॉश’ प्रसिद्धीला आले. नाणे टाकून स्वतः धुण्याचा प्रकार १९६०च्या दशकात फैलावला. त्या काळात बांधलेले आणि आता मालक थकल्यामुळे विकायला निघालेले वॉश आजही बाजारात येतात. आमच्या एका स्नेह्यांनी ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या परिसरात, असेच एक पाच कप्प्यांचे वॉश विकत घेतले. कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून नोकरी झालेली, हिशेबाला वहिनी. नवीन मालकाला काय काय करावे लागते, ते त्यांच्यासोबत फिरताना नीट दिसले.

पाण्याचे बिल खोटे बोलत नाही

नाण्यांच्या धंद्यात जमाखर्चाची वही फारसे काही सिद्ध करत नाही. विकणारा उत्पन्न वाढवून सांगू शकतो. म्हणून जाणकार खरेदीदार पाण्याची बिले मागतो. पंपातून मिनिटाला सुमारे तीन गॅलन पाणी जाते. चार मिनिटे सलग धुतले तरी १२ गॅलन, म्हणजे साधारण ४५ लिटर. सगळे धरून गाडीमागे १५ गॅलन मानले आणि महिन्याचा वापर ३०,००० गॅलन निघाला, तर गाड्या झाल्या दोन हजार. विकणारा चार हजार म्हणत असेल, तर तिथेच बोलणे थांबवावे.

यातही एक मेख आहे. हिवाळ्यात नळ्या गोठू नयेत म्हणून पाणी सतत झिरपत ठेवावे लागते, त्यामुळे त्या महिन्यांची बिले फुगलेली असतात. हिशेब उन्हाळ्याच्या बिलांवरच मांडावा. आमच्या स्नेह्यांनी विजेची बिले, विक्रीकराचे कागद आणि सांडपाण्याच्या खड्ड्याच्या सफाईच्या पावत्याही मागितल्या. पावत्या नसतील तर तो गाळ आपल्याच वाट्याला येणार, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

भिंतीमागची खोली

कप्प्यांच्या मधोमध एक अरुंद खोली असते. गिऱ्हाईक ती कधी पाहत नाही, पण वॉश चालते ते तिच्या जोरावर. भिंतीलगत प्रत्येक कप्प्याचा स्वतंत्र पंप. घरच्या नळाला पाण्याचा दाब साधारण ४० ते ६० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. इथे तो १,००० ते १,२०० पर्यंत चढवायचा असतो. हे काम करतो तीन दट्ट्यांचा पंप. मोटर पट्ट्याने त्याला फिरवते आणि सिरॅमिकचे, काचेसारखे गुळगुळीत तीन दट्टे आळीपाळीने पाणी ढकलतात. एक मागे येतो तेव्हा दुसरा पुढे जात असतो, म्हणून धार तुटत नाही.

पंपाच्या पोटात तेल असते. नवा पंप ५० तास चालला की पहिल्यांदा ते बदलायचे आणि पुढे दर ५०० तासांनी, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. तेलाच्या काचेत डोकावले की पंपाची प्रकृती कळते. तेल ताकासारखे पांढुरके दिसले, तर सील झिजून पाणी आत शिरले आहे. सील थोड्या पैशात मिळतात. तसाच दामटला तर अख्खा पंप जातो.

नवीन मालकाची पहिली तक्रार बहुधा एकच असते: “दाब येत नाही.” तो पंप बदलायला निघतो. दोष पुष्कळदा नळीच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढ्या पितळी किंवा पोलादी नोझलमध्ये असतो. त्यावर, उदाहरणार्थ, २५०५ असा आकडा कोरलेला असतो. पहिले दोन अंक पाण्याच्या पंख्याचा कोन सांगतात, २५ अंश. पुढचे दोन सांगतात भोक केवढे: ४० पीएसआय दाबाला मिनिटाला अर्धा गॅलन. दाब पंचवीस पट, म्हणजे १,००० केला की प्रवाह पाचपट होतो, म्हणजे अडीच गॅलन. वर्षानुवर्षे पाणी जाऊन भोक झिजले की पाणी जास्त जाते आणि दाब उतरतो. गिऱ्हाईक म्हणते धार मरतुकडी आहे, मालक पाण्याचे पैसे जास्त भरतो. स्नेह्यांनी पाचही कप्प्यांची नोझल एका दुपारी बदलली आणि प्रत्येक पंपावर दाबाचा काटा बसवला. आता खोलीत शिरताच एका नजरेत पाचही पंप तपासून होतात.

दुसरी बारीक वस्तू म्हणजे साबण मिसळणारे उपकरण. टाकीवर तरंगणारा गोळा खाली गेला की झडप उघडते, पाणी वेगाने जाताना पिंपातला दाट साबण ओढून घेते. किती ओढायचा ते एका छोट्या टोपणाच्या भोकावर ठरते आणि प्रत्येक मापाच्या टोपणाचा रंग वेगळा असतो. एक रंग चुकला तर साबण दुप्पट जातो आणि गाडीवर चिकट थर राहतो, किंवा निम्मा जातो आणि फेसच येत नाही. आधीच्या मालकाने कुठे कुठले टोपण बसवले होते, याची नोंद नसते. ती नव्याने करून, प्रत्येक पिंपावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणे हे सुधारणेचे पहिले काम.

पाण्याचेही तीन प्रकार लागतात. साधे पाणी, क्षार काढलेले मऊ पाणी आणि शेवटच्या धुण्यासाठी आरओचे पाणी. पातळ पडद्यातून दाबाने गाळलेल्या या पाण्यात विरघळलेले क्षार जवळपास उरत नाहीत, म्हणून गाडी न पुसता वाळली तरी पांढरे ठिपके पडत नाहीत. आरओतून फेकले जाणारे पाणीही वाया घालवायचे नसते. ते पहिल्या धुण्याला वापरता येते.

आधी उजेड, मग बाकीचे

पैसे हाती मोजकेच असतात, तेव्हा कुठून सुरुवात करायची? आमच्या स्नेह्यांनी दिव्यांपासून केली. जुने दिवे पिवळट आणि अर्धे बंद. पांढरे एलईडी लावल्यावर रात्रीची गिऱ्हाइके वाढली, विशेषतः बायका. उजेड म्हणजे “इथे कोणाचे तरी लक्ष आहे” याची ग्वाही.

मग नाणी देणारे यंत्र. पाच, दहा, वीसची नोट घालून पाव डॉलरची नाणी घ्यायची. हे यंत्र बंद पडले की सगळे वॉश बंद पडल्यासारखेच. शंभर डॉलरची पाव डॉलरची नाणी म्हणजे ४०० नाणी, वजन सव्वादोन किलोच्या वर. वहिनींनी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात हेरली: नाणी त्याच त्याच फेऱ्या मारतात. यंत्रातून गिऱ्हाइकाकडे, तिथून कप्प्याच्या पेटीत, आणि पेटी उघडली की पुन्हा यंत्रात. खरी कमाई यंत्रात साठलेल्या नोटांमध्ये असते. नाणी कमी होऊ लागली, तर ती कुठेतरी बाहेर चालली आहेत. कोणीतरी नोटा मोडून नुसतीच नाणी घेऊन जात आहे.

त्यानंतर कार्ड. कार्ड लावले की मीटर चढत जातो आणि गिऱ्हाइकाने ‘बंद’ दाबले की तेवढेच पैसे कापले जातात. बंद दाबायला विसरलेल्याचे काय? म्हणून त्यांनी वरची मर्यादा ठरवली आणि ती पेटीवर ठळक लिहिली. दोन डॉलर जादा कमावण्यापेक्षा ते गिऱ्हाईक परत येणे मोलाचे.

फेसाच्या ब्रशला डुकराचे केस लावतात, कारण ते मऊ असतात आणि फेस धरून ठेवतात. पण आधीच्या गाडीचा चिखल त्यात अडकला तर पुढच्या गाडीच्या रंगावर ओरखडे उठतात. “आधी पाण्याने धुवा, मग ब्रश घ्या” ही पाटी आणि रोज सकाळी ब्रश झटकून धुणे, दोन्ही लागते. भिंतीवर मालकाचा फोन नंबर आहे. पैसे गिळले गेल्याचा फोन आला की वाद न घालता ते परत करतात. आमचे स्नेही मला म्हणाले, “अहो, इथं गिऱ्हाईक भांडत नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. ते गुपचूप गाडी वळवतं आणि पुन्हा येत नाही.”

मीठ आणि गाळ

या भागात वॉशचा मोठा हंगाम हिवाळा. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठही इथलेच. क्लीव्हलंडची मिठाची खाण एरी सरोवराच्या तळाखाली पसरली आहे, सुमारे १,८०० फूट खोल. मीठ गाडीच्या पोटाला चिकटते आणि पत्रा खाते. बर्फ पडून गेल्यावर ऊन पडले की प्रत्येक कप्प्यासमोर रांग लागते. नेमके त्याच दिवशी सगळे चालू असायला हवे. पारा गोठणबिंदूच्या जवळ आला की थर्मोस्टॅट झडप उघडतो आणि प्रत्येक नळीतून बारीक पाणी झिरपू लागते. वाहते पाणी सहजासहजी गोठत नाही. फरशीखालच्या नळ्यांतून गरम द्रव फिरत असतो, नाहीतर फरशीवर काचेसारखा बर्फ जमेल आणि कोणीतरी पडेल. वादळाच्या रात्री मालक झोपत नाही, तो बॉयलर बघायला येतो.

प्रत्येक कप्प्याच्या मध्यावर जाळी, जाळीखाली खड्डा. चिखल आणि वाळू तळाशी बसते, तेल वर तरंगते, मधले पाणी पुढच्या टाकीतून शहराच्या सांडपाणी केंद्राकडे जाते. खड्डा वेळेवर उपसला नाही तर पाणी कप्प्यात तुंबते. या कामाचे मोल या प्रांताला वेगळे सांगायला नको. क्लीव्हलंडमधून वाहणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलाने २२ जून १९६९ रोजी पेट घेतला. त्या घटनेने देशाचे लक्ष वेधले आणि १९७२मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. घरासमोर गाडी धुतली की साबण, तेल, मीठ बहुतेक गावांत पावसाळी गटारातून कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्यात जाते, आणि बागेच्या नळीतून मिनिटाला आठ-दहा गॅलन सहज वाहून जातात. वॉशच्या खड्ड्यातला घाणेरडा गाळ म्हणजे नदीपासून अडवलेली घाण आहे.

कोणासाठी?

आज या व्यवसायातला मोठा पैसा गाडी पट्ट्यावरून सरकवत धुणाऱ्या लांबलचक बोगद्यांत गेला आहे. महिन्याची वर्गणी भरा, हवे तितक्या वेळा गाडी पट्ट्यावर सोडा. ‘मिस्टर कार वॉश’सारखी कंपनी २०२१मध्ये शेअर बाजारात उतरली. अशा बोगद्यापुढे पाच कप्प्यांचे जुने वॉश टिकेल का, असा प्रश्न साहजिक आहे.

एक शनिवार तिथे काढला तर उत्तर मिळते. चाकांच्या कमानींत मातीचे गोळे अडकलेला पिकअप येतो, त्याला बोगद्यात घेत नाहीत. मासेमारीची होडी, घोडे वाहून नेणारी गाडी, मोटारसायकल, रंगकाम करणाऱ्याची शिड्या बांधलेली व्हॅन, आजोबांनी जपलेली जुनी गाडी. यांना वर्गणी नको आहे, त्यांना दहा मिनिटे दाबाचे पाणी आणि स्वतःचे हात हवे आहेत. आपल्याकडे पुण्या-मुंबईत हा प्रकार फारसा रुजलेला नाही, कारण सोसायटीत सकाळी गाडी पुसणारा येतो आणि वॉशिंग सेंटरवर पोरे रॅम्पवर चढवून गाडी चकचकीत करून देतात. मनुष्यबळ महाग असलेल्या देशात मात्र ज्याच्या खिशात चार-पाच डॉलर आहेत, त्यालाही स्वच्छ गाडीने कामावर जाता यावे, याची सोय या कप्प्यांनी केली. गावात ती असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

म्हणून असे वॉश घेण्याचा विचार असेल, तर मोकळा वेळ मिळेल या आशेने घेऊ नये. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास तिथे जावेच लागते: पाच नळ्या हातात धरून दाबून बघायच्या, पाच ब्रश धुवायचे, कचऱ्याचे डबे आणि व्हॅक्यूमच्या पिशव्या रिकाम्या करायच्या, तेलाच्या काचेत डोकवायचे, नाण्यांचे यंत्र भरायचे. ज्याला यंत्राची निगा राखण्यात समाधान वाटते, त्यानेच या धंद्यात पडावे. मालक उरलेला सगळा दिवस गैरहजर राहू शकतो, पण ती मुभा त्याने त्या सकाळी कमावलेली असते.