पडद्याचे डॉक्टर, वडाळा
हार्बरची लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली 1992 साली. त्याच्या दोन वर्षं आधी, 1990 मध्ये, डॉ. एस. नटराजन यांनी वडाळ्यात आदित्य ज्योत नेत्र रुग्णालय काढलं होतं. नवी मुंबईकराला एकाच गाडीने वडाळा गाठता येऊ लागलं, हा योग बरा जुळला. मोतीबिंदू काढणारे डॉक्टर पुष्कळ होते, डोळ्याच्या नुसत्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, काम करणारे मोजकेच.

नटराजन तयार झाले चेन्नईच्या शंकर नेत्रालयात, डॉ. बद्रीनाथांच्या हाताखाली. तेव्हाची पडद्याची तपासणी म्हणजे अर्धी चित्रकला. थेंब घालून बाहुली मोठी करायची, डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. भिंगातून सगळं उलटं दिसतं, म्हणून कागदही आडव्या पडलेल्या पेशंटच्या छातीवर उलटा ठेवायचा आणि रंगीत पेन्सिलींनी पडदा काढायचा. जागेवरचा भाग लाल, सुटलेला निळा. भोक लाल, त्याला निळी कड. आता ओसीटी यंत्र काही सेकंदांत पडद्याचे थर उलगडून दाखवतं.

शस्त्रक्रियाही बदलली. डॉ. माखेमर यांनी 1970च्या सुमारास मायामीत व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढून पडद्यापर्यंत पोचण्याची शस्त्रक्रिया, सुरू केली तेव्हा डोळ्यात दोन मिलिमीटरहून मोठं छिद्र पाडावं लागे. आज ते अर्ध्या मिलिमीटरवर आलंय, टाकाही बहुधा लागत नाही. आणि 2005 पासून तर पडद्याच्या आजारांवर डोळ्यातच इंजेक्शन. कर्करोगाच्या औषधाची एक बाटली, तिच्यातून थेंबथेंब अनेकांना. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण गरिबाला परवडलं ते हेच.

नटराजन यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. 2016 मध्ये काश्मीरमध्ये पेलेट बंदुकीच्या छर्‍यांनी जायबंदी झालेले डोळे वाचवायला ते पथक घेऊन श्रीनगरला गेले. त्यामागे अधिक कदम यांची बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन होती. बातम्या झाल्या त्या याच्या.

मला मोठं वाटतं ते धारावीचं काम. मधुमेहाने पडदा बिघडतो तेव्हा दुखत नाही, खुपत नाही, बरेच दिवस नीट दिसतही असतं. असा माणूस दवाखान्याची पायरी कशाला चढेल? म्हणून नटराजन यांच्या संस्थेने वस्तीत जाऊन चाळिशीपुढच्यांची साखर आणि डोळे तपासले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या या पाहणीत मधुमेही माणसांपैकी शंभरात साधारण पंधरा जणांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा निघाल्या. धारावी वडाळ्यापासून हाकेच्या अंतरावर. तरीही डॉक्टरांनाच तिकडे जावं लागलं.

आता पडद्याचा इलाज वाशी-पनवेललाही होतो. फंडस कॅमेऱ्याने तंत्रज्ञ पडद्याचा फोटो काढतो, संगणक डाग हेरतो. पण दोष सापडला म्हणून पेशंट लेसरला येईलच असं नाही. दिवसाची मजुरी बुडते, सोबत यायला कोणी नसतं, आणि दिसतंय तर चांगलं! इंजेक्शनांचंही तेच: दोन-तीन घेतली, जरा उजेड वाटला, की पुढची तारीख टळते.