शंकूंच्या वाटेवरची शर्यत

ऑटोक्रॉसमध्ये गाड्या एकमेकींना मागे टाकत नाहीत. प्रशस्त वाहनतळावर किंवा वापरात नसलेल्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. त्या वाटेवर ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडली जाते आणि तिची वेळ मोजली जाते. फेरी साधारण मिनिटभराची असते. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका हा खेळ ‘सोलो’ या नावाने चालवतो. भारतात आणि ब्रिटनमध्ये ऑटोक्रॉस म्हटले की बहुधा माती किंवा गवतावरची शर्यत समजतात. इथे विचार केला आहे तो अमेरिकेतल्या पक्क्या जमिनीवरच्या प्रकाराचा.

नवख्याला वेगळी गाडी लागत नाही. रोजच्या वापरातली चालते. उंच, अरुंद एसयूव्ही मात्र उलटण्याच्या भीतीने नाकारल्या जातात. फेरीआधी गाडीची तपासणी होते. बॅटरी घट्ट बसलेली हवी, चाकांचे नट आवळलेले हवेत, ब्रेक पेडल टणक हवे. आतले सुटे सामान, पाण्याची बाटली आणि ड्रायव्हरच्या पायाखालची सैल चटईसुद्धा बाहेर काढावी लागते. वळणावर घरंगळलेली बाटली ब्रेकखाली अडकली, तर मिनिटभराच्या खेळातही अनर्थ होऊ शकतो. हेल्मेट सक्तीचे असते. अनेक क्लब ते तात्पुरते देतात.

खरी तयारी पायी होते. फेऱ्या सुरू होण्याआधी स्पर्धक वाट चालून पाहतात. नवख्याने ती निदान तीनदा चालावी, आणि त्यातली एक फेरी गप्पा न मारता एकट्याने. चालताना वेगवेगळे दिसणारे शंकू गाडीतून पाहिले की एकमेकांत मिसळून जातात, म्हणून प्रत्येक शंकू पाठ करण्यापेक्षा ब्रेक कुठे दाबायचा आणि वळणातून बाहेर पडताना गाडी कुठे हवी, एवढे लक्षात ठेवणे अधिक उपयोगी. आडवा ठेवलेला शंकू कुठल्या बाजूने जायचे ते दाखवतो.

गाडी चालवताना नजर लांब ठेवणे हे सगळ्यांत कठीण. समोरच्याच शंकूकडे पाहणारा चालक हमखास तोच उडवतो. शंकू आडवा झाला किंवा त्याच्याभोवती आखलेल्या चौकोनातून पूर्ण बाहेर सरकला की दोन सेकंदांचा दंड बसतो. क्रमांक सेकंदाच्या शतांशांनी ठरत असताना तो भारीच म्हणायचा. वाट चुकली तर ती फेरीच धरली जात नाही. ब्रेक शक्यतो सरळ रेषेत, वळणाआधी दाबावा. वळणात भरधाव शिरलेली गाडी पुढच्या चाकांवर बाहेर घसरत जाते आणि जोरात गेल्याचा भास होतो, पण घड्याळ वेगळेच सांगते. अनुभवी प्रशिक्षकाला शेजारी बसवायची सोय असेल तर ती पहिल्याच फेरीपासून घ्यावी.

गाडी चालवून झाली की दिवस संपत नाही. प्रत्येक स्पर्धकाला इतरांच्या फेऱ्यांच्या वेळी मैदानावर उभे राहून पडलेले शंकू उचलावे लागतात आणि दंड कळवावा लागतो. गाडीकडे पाठ फिरवू नये, एवढा नियम तिथे पाळायचा. इतरांच्या चुका जवळून दिसत असल्याने हे काम शिकवणीपेक्षा कमी नाही.

इतरांच्या गाड्या जवळून पाहिल्या की खर्चाचा मोह सुरू होतो. गाडीत केलेल्या अनेक बदलांमुळे तिचा स्पर्धेतला वर्ग बदलतो आणि नवखा माणूस पूर्ण तयारीच्या गाड्यांपुढे उभा राहतो. त्यामुळे पहिल्या हंगामात टायरमधली हवा नीट राखून आहे त्याच गाडीवर भागवावे. पुढे पैसे घालायचेच झाले तर आधी चांगल्या टायरवर, सस्पेन्शनवर त्यानंतर.