गंज ठरतो भोवतालावर

सोलापूरच्या काळ्या रानात पुरलेला लोखंडी पाइप उकरला, की तो सगळीकडून सारखा गंजलेला क्वचितच दिसतो. पाठ बऱ्यापैकी शाबूत असते. पोटाशी, जिथे ओल साचून हवा कमी पोचते, तिथे तांबडे फोड आलेले असतात. फोड खरवडला की खाली खड्डा, कधी आरपार भोक. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडून हवा आत उतरते, मिरगाच्या पावसात तीच माती फुगून भेगा मिटवते. हे दरसालचं ओलं-सुकं आणि मातीतले क्षार मिळून लोखंड खातात. आता स्वीडन पाहा. जानेवारी 2022 मध्ये तिथल्या सरकारने मंजूर केलेल्या योजनेत अणुइंधनाचा कचरा 5 सेंटिमीटर जाड तांब्याच्या पिंपांत भरून सुमारे 500 मीटर खोल खडकात ठेवायचा आहे आणि भोवती बेंटोनाइट नावाची माती ठासायची आहे. बेंटोनाइट काय, आपली काळी माती काय, दोन्ही फुगतात ती स्मेक्टाइट गटातल्या खनिजांमुळे. तरी इथे पाइप खाणारा गुण तिथे राखणीला लावलाय, कारण त्या खोलीवर माती सुकत नाही, भेगाळत नाही आणि उरलेला प्राणवायू संपला की नवा येत नाही.

दहा-वीस वर्षांच्या प्रयोगांवरून ही पिंपं लाख वर्षं टिकतील याची हमी कशी द्यायची, हा आक्षेप रास्त आहे. त्याला काही अंशी उत्तर जुनं लोखंडच देतं. स्कॉटलंडमधल्या इंचटुथिल इथे रोमन सैन्याने पुरलेले लाखो खिळे सुमारे 1,900 वर्षांनी सापडले. बाहेरच्या खिळ्यांचा गंजून थर झाला होता. झिरपत्या पाण्यातला प्राणवायू त्यांनीच संपवल्याने आतले बरेच खिळे टिकले. तांब्याला मात्र प्राणवायूविनाही सल्फाइड खातं. तांबं किती टिकेल, याबद्दल 2018 मध्ये स्वीडनच्या न्यायालयानेही शंका घेतली होती. दाट ठासलेल्या मातीत सल्फाइड फार हळू सरकतं आणि ते तयार करणाऱ्या जिवाणूंना वाढायला जागा मिळत नाही, हे त्यावरचं उत्तर. पण ते मातीच्या दाटपणावर अवलंबून आहे, नुसत्या तांब्यावर नाही.

महाराष्ट्रात तारापूरला काचेत गोठवलेला अणुकचरा स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत, हवेने थंड होणाऱ्या कोठीत ठेवतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत अशा पोलादाला वेल्डच्या जोडाशी तडे जाण्याचा धोका असतो, म्हणून तिथे देखरेख हवीच. ही सोय काही दशकांची आहे. कायमचं खोल भांडार भारतात अजून नाही. ते ठरवताना आधी खडक, पाणी आणि माती तपासावी, धातू त्यानंतर निवडावा.