पाठकोरे नसलेले कागद

१० जानेवारी १९६३. संध्याकाळी पाचच्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या मुद्राचित्र विभागात एक आजारी गृहस्थ टेबलावरून उठला आणि आपलं काम संपल्याचं त्याने सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात दाखल झाला, तो परत आलाच नाही. मार्चमध्ये तो वारला. जेफरसन बर्डिक त्याचं नाव. सिराक्यूजच्या एका कारखान्यात विजेच्या सामानाची जुळणी करणारा साधा कामगार. संधिवाताने हात आखडलेले, मिळकत बेताची. या माणसाने म्युझियमला दिलेल्या संग्रहात तीन लाखांहून अधिक छापील कागद होते. सिगारेटच्या पाकिटातली चित्रं, खाऊच्या पुडीतली कार्डं, दुकानदारांच्या जाहिराती, शुभेच्छापत्रं, व्हॅलेंटाइन असं सगळं त्यात होतं. १९४७ पासून तो हा ऐवज आपल्या हाताने वह्यांत डकवत होता.

बर्डिकने नुसतं जमवलं नाही, लावलंही. कार्डांच्या मालिकांना एक अक्षर आणि एक आकडा देण्याची पद्धत त्याने बसवली. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, एकोणिसाव्यातल्यांना ‘एन’. आज बेसबॉलचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड ‘टी २०६’ म्हणून ओळखलं जातं, ते त्याच्याच यादीमुळे. होनस वॅग्नर या खेळाडूचं हे कार्ड १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटबरोबर येणार होतं. वॅग्नरने हरकत घेतली, छपाई थांबली आणि मोजकीच कार्डं बाहेर पडली. बर्डिकच्या यादीत त्याची किंमत पन्नास डॉलर होती. ऑगस्ट २०२१ मध्ये एक प्रत ६६ लाख डॉलरला गेली. बर्डिक आज असता तर या आकड्याकडे त्याने कसं पाहिलं असतं, हा विचार सुटत नाही. बाजारभाव हा त्याच्या आवडीचा विषय नव्हता.

पण याच ठिकाणी एक खोच आहे. टी २०६ मालिकेच्या कार्डांच्या पाठीवर सिगारेटच्या निरनिराळ्या छापांची जाहिरात असते. पुढे चेहरा तोच, मागे कुठे पीडमाँट, कुठे स्वीट कॅपोरल. जाणकार संग्राहक कार्ड हातात आलं की आधी उलटं करतात, कारण दुर्मीळ छाप असेल तर भाव बदलतो आणि कार्ड कुठल्या कारखान्यातून निघालं तेही कळतं. म्हणजे बर्डिकच्या ज्या डकवण्याने कार्डं टिकली, त्याच डकवण्याने पाठ झाकून त्यांची अर्धी बातमी बंद केली. छापील फुटकळ कागदांच्या संग्रहांचा इतिहास मला तरी या खळीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

अठराव्या शतकातल्या लंडनकडे वळलं की हे आणखी स्पष्ट होतं. तिथले दुकानदार आपल्या दुकानाची नक्षीदार पत्रकं छापून घेत. नाव कार्ड, पण कागद पातळ आणि आकार कधी कधी हाताच्या पंजाहून मोठा. तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम करून ती छापली जात. वरच्या बाजूला दुकानाच्या पाटीवरचं चित्र असे, मग तो सिंह असो, सोन्याची किल्ली असो की तीन तंबू. भोवती वेलबुट्टीची चौकट आणि खाली मालाची लांबलचक यादी. घरांना क्रमांक नव्हते तोवर पाटीवरचं चित्र हाच पत्ता. १७६० च्या दशकात लोंबत्या पाट्या उतरवण्याचे हुकूम निघाले आणि घरांना आकडे पडू लागले, तेव्हा कार्डांवरही क्रमांक दिसू लागला. तारीख नसलेलं कार्ड साधारण कधीचं, हे ठरवायला एवढा पुरावा पुष्कळदा पुरतो. विल्यम होगार्थसारखा चित्रकारही याच धंद्यातून वर आला. त्याच्या स्वतःच्या दुकानाचं कार्ड एप्रिल १७२० चं आहे.

खरी मौज मात्र उलट बाजूला. दुकानदार काटकसरी असत. कार्डाच्या मागेच गिऱ्हाइकाचं बिल लिहून देत: इतके वार रेशीम, इतकी मेणबत्त्यांची पुडकी, पैसे पोचले, सही, तारीख. ती तारीख म्हणजे त्या कागदाचा जन्मदाखला. पुढची सजावट सांगते की दुकानदाराला स्वतःविषयी काय वाटत होतं. मागचं बिल सांगतं की गिऱ्हाइकाने प्रत्यक्षात काय नेलं. मला विचाराल तर दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

हे कागद उरले ते काही चिवट माणसांमुळे. शास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची बहीण सारा सोफिया बँक्स हिने भेटकार्डं, तिकिटं, आमंत्रणं, दुकानांची कार्डं हजारोंनी जमवली. १८१८ मध्ये ती गेल्यावर हा साठा ब्रिटिश म्युझियमकडे आला. पुढे लंडनचे फर्निचर व्यापारी ॲम्ब्रोज हील यांनी जुन्या दुकानांची कार्डं धुंडाळली. १९२५ मध्ये त्यांनी त्यांवर पुस्तक काढलं, आणि त्यांचाही संग्रह शेवटी त्याच म्युझियममध्ये पोचला. जुन्या धंद्यांचे मागमूस शोधायला एक धंदेवाईक माणूसच बसला, यात नवल नाही.

अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एका चित्राला असे कित्येक दगड. जर्मनभाषक मुलखातून बॉस्टनला आलेल्या लुई प्रांग यांनी या तंत्रावर मोठा धंदा उभा केला. १८७० आणि १८८० च्या दशकांत दुकानांच्या गल्ल्यावर रंगीत कार्डांची रास असे, खरेदी करा नाही तर नुसतं डोकावा, कार्ड मिळे. बरीच कार्डं तयारच येत. चित्र आधी छापलेलं, खाली जागा मोकळी, तिथे ज्याने त्याने आपल्या दुकानाचं नाव घालायचं. एकाच गुटगुटीत बाळाने एका गावात चपला विकल्या आणि दुसऱ्या गावात कोळसा.

मुली ही कार्डं चिकटवहीत डकवत. सिगारेटची कार्डं पोरांची, ही बहुतेक मुलींची. पुढे फुलं, मांजरं, परकर-झगे, आणि मागे पेटंट औषधांचा दावा. लिडिया पिंकम यांच्या नावाचं बायकांचं टॉनिक घ्या. पुढच्या बाजूला प्रेमळ आजीबाईंचा चेहरा, मागे बायकांच्या बहुतेक सगळ्या दुखण्यांची यादी. बाटलीत अल्कोहोल चांगलं वाइनइतकं होतं, हे कार्डावर अर्थातच ठळक नसे. १९०६ च्या अन्न आणि औषधांच्या कायद्यानंतर अल्कोहोलचं प्रमाण बाटलीवर लिहिणं भाग पडलं. आता आपल्याला हव्या असलेल्या साक्षी नेमक्या त्या वहीच्या पानाला चिकटून बसल्या आहेत. कार्ड सोलून काढलं तर पाठीवर काळ्या कागदाचे पापुद्रे राहतात, आणि मजकूर गेलेला असतो. गोळा करणाऱ्या मुलीला औषधाशी काही देणंघेणं नव्हतं, तिला मांजर हवं होतं. तिला दोष द्यायचा नाही. तिने ते ठेवलं म्हणून तर ते आहे.

व्हॅलेंटाइनच्या बाबतीत टपालाचा हिशेब पाहावा लागतो. यॉर्क कॅसल म्युझियममध्ये १७९७ चं एक छापील कार्ड आहे. लंडनच्या जॉन फेअरबर्नने ते १२ जानेवारीला प्रकाशित केलं, ही तारीख कार्डावरच छापली आहे. चित्रात फुलं, कबुतरं आणि मदन, रंग हाताने भरलेले, कडेने पद्य. आत मात्र पाठवणारीच्या हाताचा मजकूर आहे: वारंवार बोलावूनही तो गृहस्थ आला नाही, आता तरी यावं. ही छापील गोडवे गाणारी भाषा नव्हे, ताटकळलेल्या बाईची आहे. कार्डाची ऐट त्या दोन-चार ओळींनी पार उतरते, आणि मला ते कार्ड त्याच ओळींसाठी पाहावंसं वाटतं.

१८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीचं टपाल सुरू झालं आणि हा उद्योग फोफावला. अमेरिकेत वूस्टर गावच्या एस्थर हाऊलंडला १८४७ च्या सुमारास इंग्लंडहून आलेलं जाळीदार कार्ड पाहून कल्पना सुचली. वडिलांचं कागद-पुस्तकांचं दुकान होतंच. नमुने घेऊन भाऊ फिरतीवर गेला. फार तर दोनशे डॉलरच्या मागण्या येतील असा अंदाज होता, आणल्या पाच हजारांच्या. मग घरातच मैत्रिणींना बसवून एकीने कागद कापायचा, दुसरीने जाळी लावायची, तिसरीने चित्र, अशी पद्धत बसली. तिच्या काही कार्डांच्या पाठीवर बारीक लाल ‘एच’ असतो. संग्राहक तो भिंगातून शोधतात.

या गोडव्याबरोबर टोमण्याचे व्हॅलेंटाइनही विकले जात. लठ्ठ स्वयंपाकीण, दारुडा नवरा, चढेल दुकानदार असं भडक चित्र, बोचरं पद्य, आणि पाठवणारा निनावी. अशी कार्डं उरली कमी, कारण घरी आलेला अपमान कोणी पेटीत जपून ठेवत नाही. फाडून चुलीत घालतो. जी हाती येतात त्यांतली बरीच दुकानात न विकलेली. म्हणून संग्रहालयात व्हिक्टोरियन प्रेम भरपूर दिसतं आणि व्हिक्टोरियन द्वेष कमी. त्या काळचा समाज तितका प्रेमळ होता, असं यावरून म्हणू नये.

याच कोड्यावर ऑक्सफर्डच्या जॉन जॉन्सनने बराच काळ घालवला. विद्यापीठाच्या छापखान्याचा तो १९२५ ते १९४६ प्रमुख. त्याआधी इजिप्तमध्ये तो पपायरस शोधत होता, जुन्या वस्त्यांच्या उकिरड्यांत. हजारो वर्षांपूर्वीच्या कचऱ्यातून काव्याचे तुकडे आणि हिशेब मिळतात, मग आपल्या काळचा कचरा कोण राखतो, हा प्रश्न घेऊन तो परतला. त्याने छापखान्यातच खोल्या भरल्या: भित्तिपत्रकं, बसची तिकिटं, साबणाची वेष्टनं. आज बॉडलियन ग्रंथालयात त्याचा संग्रह दहा लाखांहून जास्त कागदांचा आहे.

मुंबईचा या कथेत खरा धागा आहे. तिथे उतरणाऱ्या मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर सोनेरी, भडक चित्रांच्या चिठ्ठ्या, म्हणजे टिका, चिकटवलेल्या असत. देव, हत्ती, राजे, नटव्या बाया. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाने चित्रावरून माल ओळखावा, हा उद्देश. टिका पसंत पडली की कापड खपलं, आणि लोक ते चित्र काढून देव्हाऱ्यात किंवा चौकटीत लावत. पण डिंक लावलेली टिका तागा फोडताना बहुतेकदा फाटे, त्यामुळे आज बाजारात दिसतात त्या बऱ्याच न वापरलेल्या, छापखान्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या शिल्लक मालातल्या. चकचकीत, अन् मागे कोऱ्या. त्यांच्यावरून चित्र कळतं, पण कापड कुठल्या पेढीतून कोणाच्या दुकानात उतरलं, ते कळत नाही. फाटकी, डाग पडलेली टिका स्वस्तात मिळाली तर ती मी आधी उचलतो.

पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात असे कागद पुष्कळदा आधीच हार्डबोर्डवर चिकटवून, काच लावून विकायला ठेवलेले असतात. आणखी वाईट म्हणजे लॅमिनेशन. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून केलेलं ते काम पुन्हा उलटवता येत नाही. आम्लरहित कागदाचं पाकीट, कोपरे धरण्यापुरत्या पट्ट्या आणि कपाटात कोरडी हवा एवढं पुरे. कागद कुठे, कोणाकडून, किती रुपयांना मिळाला ते मऊ शिसपेन्सिलीने पाकिटावर लिहावं, कागदावर नाही.