सैनिकी सेवा आणि समाजाची कृतज्ञता : दोंडाईचा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

सैनिकाविषयी आदर ही आपल्या समाजात गृहीत धरलेली भावना आहे. ही भावना सर्व प्रदेशांत एकाच मार्गाने मात्र निर्माण झालेली नाही. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा आणि भोवतालची खेडी ही सैनिकी परंपरेची भूमी म्हणून ओळखली जात नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' ही जोड लागली आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातील ४६ सैनिक कामी आले आणि तेथे स्मारकशिला उभी राहिली. खानदेशातील सैनिक असा गावागावाने एकवटलेला नाही, तो विखुरलेला आहे. साहजिकच त्याची स्मृतीही विखुरलेली राहते. या पार्श्वभूमीवर सैनिकी सेवेविषयीचा स्थानिक दृष्टिकोन कसा घडला आणि कृतज्ञतेचे प्रचलित रूप कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याच्या नेतृत्वाखाली खानदेश भिल्ल पलटण उभारण्यात आली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते. बंडखोर भिल्लांना शांत करून त्यांच्यातीलच तरुणांकडून प्रदेशाचा बंदोबस्त करून घेणे, हा तिचा हेतू होता. म्हणजे या भागातील आधुनिक सैनिकभरतीचा आरंभच राज्यकर्त्यांच्या सोयीतून झाला.

स्वातंत्र्यलढ्यात तर गणवेशधारी हा प्रतिपक्षच होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे शिरीषकुमार मेहता व त्याचे सवंगडी गोळीबारात बळी पडले. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी यांची नावे या घटनेशी जोडलेली आहेत. 'हुतात्मा' हा शब्द येथील लोकमानसात रुजला तो निःशस्त्र देशभक्तासाठी. तोच शब्द आज सीमेवर पडलेल्या जवानासाठी सहज वापरला जातो. गणवेश परका होता तो आपला झाला, या स्थित्यंतराची ती खूण मानता येईल.

उपजीविका आणि प्रतिष्ठा

दोंडाईचा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे. अवर्षणप्रवण शेतीला कंटाळलेला येथील तरुण अनेक वर्षे याच मार्गाने सुरतेच्या कापड उद्योगात कामाला जात आहे. शेती, सुरत आणि सैन्य या तीन पर्यायांपैकी नियमित वेतन, निवृत्तिवेतन आणि मान हे तिन्ही देणारा पर्याय सैन्याचाच होता. पहाटे रस्त्यावर १६०० मीटर धावण्याचा सराव करणारी मुले हे या परिसरातील नेहमीचे दृश्य आहे. 'त्याना पोऱ्या मिल्ट्रीमा शे' या अहिराणी वाक्यात अभिमान आणि आर्थिक सुस्थिती या दोहोंचा निर्देश एकाच वेळी होतो. पोटासाठी सैन्यात जाणे आणि देशासाठी सैन्यात जाणे यांत विरोध मानण्याचे कारण नाही. उपजीविकेसाठी पत्करलेल्या सेवेतील जोखीम त्यामुळे कमी होत नाही.

कारगिलनंतरचा बदल

१९९९ च्या कारगिल युद्धापूर्वी युद्धात पडलेल्या सैनिकावर बहुधा रणभूमीच्या जवळपासच अंत्यसंस्कार होत. घरी येत असे ती तार. कारगिलच्या वेळी पार्थिव मूळ गावी पाठविण्याची पद्धत रूढ झाली. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी, बंदुकांची मानवंदना आणि पंचक्रोशीतून लोटलेला जनसमुदाय यांमुळे गावाने युद्ध प्रथमच आपल्या अंगणात पाहिले. कुटुंबाचे खाजगी दुःख सार्वजनिक झाले.

सप्टेंबर २०१६ मध्ये धुळे तालुक्यातील बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण नियंत्रण रेषेपलीकडे गेले व पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. जानेवारी २०१७ मध्ये त्यांची सुटका होईपर्यंत सारा जिल्हा त्यांच्या वाटेकडे डोळे लावून होता. अलीकडे निवृत्त होऊन परतणाऱ्या जवानाची गावातून वाजतगाजत मिरवणूक काढण्याचीही प्रथा पडली आहे.

या भावनेच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. मात्र ती प्रसंगाशी बांधलेली आहे. निवृत्तीचा एक दिवस आणि अंत्ययात्रेचा एक दिवस यांच्या दरम्यान व नंतर जे दीर्घ आयुष्य असते, त्याकडे समाजाचे फारसे लक्ष जात नाही.

आभाराची रीत

अमेरिकेत अनोळखी सैनिकालाही त्याच्या सेवेबद्दल तोंडी धन्यवाद देण्याचा शिष्टाचार आहे. मराठी समाजात आभार ही सभेच्या अखेरीस मानण्याची गोष्ट आहे. घरच्या माणसाचे आभार मानले तर तो परका झाल्यासारखे वाटते. आपण उपकार 'मानतो' त्याहून अधिक ते 'स्मरतो' आणि ऋणातून उतराई होण्याची भाषा बोलतो. उतराई ही कृतीनेच होते. म्हणून खानदेशी माणूस जवानाला धन्यवाद म्हणत नाही, यावरून तो कृतघ्न ठरत नाही. आपल्याच भाषेच्या निकषावर मात्र प्रश्न उरतो, की ही कृती कोठे दिसते?

या संदर्भात भीमा कोरेगावचा दाखला उद्बोधक आहे. १८१८ च्या लढाईतील मृतांच्या नावांचा स्तंभ इंग्रजांनी उभारला. त्यांत अनेक महार सैनिक होते. असे असूनही १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज केला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्तंभाला भेट दिली आणि पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. दगडावर नाव कोरले गेले, तरी हक्कासाठी सुमारे अर्धशतक झगडावे लागले. गौरव आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

संस्थात्मक कृतज्ञता

ही उतराई शासनस्तरावर काही प्रमाणात संस्थाबद्ध झाली आहे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, तसेच राज्याच्या गट क व गट ड सेवेत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु ध्वजदिन निधी हा पुष्कळदा इष्टांक पूर्ण करण्यापुरता उरतो. निधी देणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोणासाठी आहे हे ठाऊक नसते आणि योजनांची माहिती खेड्यातील सैनिकपत्नीपर्यंत वेळेवर पोहोचत नाही.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला नवे परिमाण दिले आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर अधिकतम २५ टक्के अग्निवीरांना कायम केले जाते. उर्वरितांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभास सुरू झाले, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. पूर्वीचा सैनिक चाळिशीच्या आसपास निवृत्तिवेतन घेऊन परतत असे. हा तरुण विशी-पंचविशीत, बहुधा पदवीविना परतेल. त्याची मिरवणूक निघेल का, हा दुय्यम प्रश्न आहे. तो पुन्हा सुरतेच्या गाडीत बसणार की महाविद्यालयाच्या वर्गात, हा खरा प्रश्न आहे.

महाविद्यालयांची भूमिका

येथे प्राध्यापकवर्गाला प्रत्यक्ष कार्य करता येईल. पहिले कार्य, परतलेल्या तरुणांच्या प्रवेशासाठी व खंडित शिक्षणाच्या पूर्ततेसाठी महाविद्यालयात मार्गदर्शन कक्ष असावा. दुसरे, इतिहास व मराठी विभागांनी परिसरातील १९६५, १९७१ व १९९९ च्या युद्धांत भाग घेतलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. १९६५ च्या पिढीतील सैनिक आज ऐंशीच्या घरात आहेत, हे ध्यानात घ्यावे. तिसरे, ध्वजदिनी निधी गोळा करताना त्याचा विनियोगही विद्यार्थ्यांना समजावून सांगावा. चौथे, राष्ट्रीय छात्र सेना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी सैनिक कुटुंबांना अर्ज आणि कागदपत्रांच्या कामी साहाय्य करावे.

समारोप

खानदेशाला सैनिकी वारसा आयता मिळालेला नाही. येथील सैनिकाविषयीचा आदर तुलनेने नवा असून तो गरजेतून, दुःखातून आणि अनुभवातून आलेला आहे, म्हणूनच तो मोलाचा आहे. तथापि केवळ प्रसंगी उचंबळून येणाऱ्या भावनेने ऋण फिटत नाही. गावाच्या वेशीवर झालेले स्वागत तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत आणि महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जापर्यंत टिकले, तरच उतराई या शब्दाला अर्थ प्राप्त होईल.